कापराची काजळी

संध्याकाळची आरती आटोपली की कापूरारती घासायचं काम माझ्याकडे असायचं. पितळेची, लांब दांड्याची, पुढे खोलगट वाटीसारखी. चुलीतली राख आणि नारळाचं सोडण घेऊन कितीही घासली तरी वाटीच्या कडेला एक काळा, मऊ पट्टा राहायचाच. बोटावर घेतला तर पिठापेक्षा हलका. फुंकर मारली की उडून जाई, पण बोटाच्या रेषांत शिरलेला मात्र साबणालाही दाद देत नसे. आजी आतून ओरडायची, "झिला, सगळा पुसू नको रे, थोडा माका होया." मग ती तो पट्टा बोटाने निपटून तुपात कालवायची आणि धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत घालायची.

आमच्याकडच्या प्रत्येक कीर्तनकाराने कापराचा दृष्टांत कधी ना कधी दिलेला आहे. कापूर जळतो आणि मागे काही उरत नाही, ना राख ना कोळसा. जीवाने शिवात असं विरून जावं. दृष्टांत सुंदर आहे आणि राखेपुरता खराही आहे. पण मागे काहीच उरत नाही, हे ज्याने कापूरारती घासली आहे त्याला पटायचं नाही. ती काजळी असते. कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १. इतका कार्बन उघड्या ज्योतीत पुरता जळत नाही, म्हणून कापराची ज्योत धुरकट असते आणि न जळलेला कार्बन वर जाऊन पितळेला चिकटतो.

त्या काळ्या पट्ट्यात काय आहे, हे मुंबईत पवईला काही माणसांनी नीट पाहिलं. त्यांनी जे पाहिलं त्याची वाट पुढे जपानपर्यंत गेली आणि ताणल्या, वाकवल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या गोष्टीला जाऊन मिळाली. या वाटेवर कापूर एकदा नव्हे, दोनदा भेटतो, म्हणून मी ती अंमळ मागून सांगणार आहे.

कापूर मुळात आपला नव्हे. भीमसेनी कापूर यायचा सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलांतून. दुसरा, जो पुढे जगभर गेला, तो चीन, जपान आणि तैवानच्या कापूरवृक्षाचा. हा वृक्ष दालचिनीच्या कुळातला. आमच्या परसातल्या दालचिनीचा लांबचा भाऊच. त्याच्या लाकडाच्या चिपा वाफेवर धरायच्या, वाफ थंड करायची, की पांढरे खडे जमतात. सतराव्या शतकात जपानचं तांबं आणि कापूर वाहून नेण्याचा धंदा डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. १६२४ ते १६६२ या काळात तैवानच्या किनाऱ्यावरही त्यांचं ठाणं होतं. याच कंपनीने १६३७ मध्ये आमच्या वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना पाणी, धान्य आणि बातम्या पुरवायला ही जागा सोयीची होती. वखारीच्या जाड भिंती अजून उभ्या आहेत, छप्पर गेलेलं, दगडांच्या फटींत झाडांनी मुळं घातलेली. पूर्वेचा कापूर ज्या जगातून फिरत होता त्या जगाचं एक टोक आमच्या किनाऱ्यावर होतं, हे त्या भिंतींकडे पाहताना लक्षात राहतं.

कापराने जगाचं रूप पालटलं ते मात्र पूजेतून नव्हे. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट नावाचा माणूस बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होता. कापसापासून बनवलेलं नायट्रोसेल्युलोज त्याच्या हाताशी होतं, पण ते वाळलं की आक्रसे आणि तडके. हायटने त्यात कापूर मिसळला, उष्णता आणि दाब दिला, आणि हवा तो आकार घेणारा, न तडकणारा पदार्थ तयार झाला. १८७० मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. तेच सेल्युलॉइड. कापराचे रेणू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि साखळ्यांना एकमेकींवरून सरकायला वाव देतात. कडक पदार्थ त्यामुळे नरमतो. पुढे १८८९ मध्ये ईस्टमनच्या कंपनीने याच जातीच्या पारदर्शक पट्टीची फोटोफिल्म बाजारात आणली. काचेच्या ताठ पट्ट्यांवर टिपलं जाणारं चित्र आता गुंडाळता येऊ लागलं. ते गुंडाळता आलं म्हणून सिनेमा झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा यंत्रातून सरकणाऱ्या त्या पट्टीच्या लवचीकपणात कापराचा वाटा होता.

मागणी इतकी वाढली की जपानने तैवान घेतल्यावर १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्तेदारी बसवली. मग रसायनशास्त्रज्ञांनी टर्पेंटाइनपासून कापूर बनवण्याची युक्ती काढली आणि आज आपण देवापुढे लावतो तो बहुतेक कापूर त्याच रीतीने, म्हणजे पाइनच्या झाडांच्या राळेतून निघालेल्या तेलापासून, कारखान्यात तयार होतो. झाड बदललं, तरी रेणू तोच आहे.

ही झाली कापराने आणलेली पहिली लवचीकता. दुसरी काजळीतून आली.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना कार्बनच्या ६० अणूंचा एक पोकळ गोळा सापडला. फुटबॉलला असतात तशी पंचकोनी आणि षट्कोनी जोडणी. त्याला त्यांनी बकमिन्स्टरफुलरीन म्हटलं, आणि १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं. १९९० मध्ये क्रेचमर आणि हफमन यांनी ग्राफाइटच्या कांड्यांची विजेने वाफ करून हे गोळे चमचाभर मिळवण्याची रीत काढली, तसे जगभर लोक कांड्यांमध्ये ठिणग्या पाडायला लागले. भांड्याच्या भिंतीवर जमलेली काजळी खरवडायची आणि तिच्यातून फुलरीन वेगळं करायचं. कांडीच्या टोकावर जो कडक, राखाडी थर चढे त्याकडे फारसं कुणी बघत नसे.

जपानमध्ये नागोयाच्या मेइजो विद्यापीठात योशिनोरी आंदो हे काम करत होते. त्यांच्याकडचा तो कांडीवरचा थर सुमिओ इइजिमा यांनी त्सुकुबाला एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत सुया दिसल्या. जवळून पाहिलं तर सुया पोकळ होत्या. ग्राफाइटचा एक अणू जाडीचा पत्रा सुरळी करून शिवावा तशा नळ्या, एकात एक बसवलेल्या. कार्बन नॅनोट्यूब म्हणतात त्या याच. ७ नोव्हेंबर १९९१ च्या ‘नेचर’मध्ये हा निबंध आला. असल्या नळ्यांची चित्रं १९५२ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी छापली होती आणि १९७६ मध्ये एंडो यांनीही अशा नळ्या वाढवल्या होत्या, पण जगाने मान वळवून पाहिलं ते १९९१ मध्ये. मला या प्रसंगातली एक गोष्ट फार जवळची वाटते: जे हवं होतं ते भिंतीवर होतं, आणि जे मोलाचं होतं ते कडेला चिकटलेल्या, टाकून द्यायच्या थरात.

आता पवई. आयआयटी मुंबईच्या रसायनशास्त्र विभागात महेश्वर शेरॉन हे सौर विद्युत घटांवर काम करणारे प्राध्यापक होते. सिलिकॉनला स्वस्त पर्याय म्हणून त्यांना कार्बनचे थर हवे होते, आणि कार्बन कुठून घ्यायचा हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. साऱ्या जगात उत्तर ठरलेलं होतं: ग्राफाइट, नाहीतर पेट्रोलियममधून निघणारे मिथेन, ॲसिटिलीन, बेंझिनसारखे पदार्थ. शेरॉन यांनी देवघरातला पदार्थ निवडला. १९९४ मध्ये के. मुखोपाध्याय, के. एम. कृष्णा आणि शेरॉन या तिघांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आला. त्याच्या शीर्षकातच कापूर हा फुलरीनचा नैसर्गिक स्रोत म्हणून मांडला होता. भौतिकशास्त्रातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी हे एक. त्यानंतरच्या काही वर्षांत याच गटाने कापरापासून नॅनोट्यूब मिळवल्याचेही निबंध लिहिले.

त्या काळात या गोष्टीला केवढं धाडस लागलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. देशात नॅनो हा शब्द अजून सरकारी योजनांत यायचा होता. केंद्राचं १००० कोटींचं नॅनो मिशन आलं २००७ मध्ये. कापराने काम सुरू केल्यावर दोन्हीकडून धोका होता. परदेशी परीक्षकाला हा प्रकार विचित्र वाटेल, आणि इथल्या कुणाला त्यात प्राचीन विद्येचा पुरावा दिसेल. त्यांनी दोन्ही बाजूंना न झुकता कापराकडे निव्वळ रेणू म्हणून पाहिलं. स्वस्त, स्वच्छ, बाजारात कुठेही मिळणारा, खोलीच्या तापमानाला घनरूप, आणि किंचित गरम केला की द्रव न होता सरळ वाफ होणारा. डबीत उघडा ठेवलेला कापूर दिवसेंदिवस लहान होत जातो हे आपण पाहतोच. भट्टीच्या नळीत पदार्थाची वाफ मोजून सोडायची असेल तर याच गुणाची गरज असते.

पवईत शेरॉन यांच्यासोबत काम केलेले मुकुल कुमार पुढे नागोयाला आंदो यांच्याकडे गेले. २००२ मध्ये एक निबंध निघाला: उत्प्रेरकाच्या साह्याने कापराच्या वाफेपासून कार्बन नॅनोट्यूब. लेखकांच्या यादीत कुमार होते, आंदो होते, शेरॉन होते आणि इइजिमाही होते. ज्याने त्या नळ्या जगाला दाखवल्या, ज्याच्या भांड्यातून त्या आल्या आणि ज्याने कापूर पेटवला, ते तिघे एका कागदावर आले. माझ्या मते मुंबईच्या विज्ञानाच्या इतिहासात या कागदाची जागा वरची आहे, आणि मराठीत त्याबद्दल जवळजवळ काही लिहिलं गेलेलं नाही याची मला खंत वाटते.

रीत अशी. क्वार्ट्‌झची एक लांब नळी, तिच्याभोवती भट्टी. नळीतून आर्गॉन वायू वाहता ठेवायचा, म्हणजे हवेतला ऑक्सिजन आत येऊन सगळं जाळून टाकणार नाही. एका टोकाला कापूर आणि फेरोसीन नावाचं लोखंड असलेलं संयुग ठेवून दोन्हींची वाफ करायची. ही वाफ भट्टीच्या तापलेल्या भागात आली की फेरोसीन मोडतं आणि त्यातल्या लोखंडाचे नॅनोमीटरभर कण सुटतात. कापूरही मोडतो. त्याचा कार्बन त्या लोखंडाच्या कणात विरतो, कण तृप्त झाला की कार्बन बाहेर पडू लागतो, आणि बाहेर पडताना नळीच्या रूपाने पडतो. शिरवाळ्यांचा साचा दाबल्यावर जशा शेवया उतरतात तसं. साच्याचं भोक जेवढं तेवढी शेवई जाड, कण जेवढा तेवढी नळी जाड. सिलिकॉनच्या किंवा क्वार्ट्‌झच्या तुकड्यावर या नळ्या भाताच्या तरव्यासारख्या एकमेकींना लागून उभ्या वाढतात. उघड्या डोळ्यांना दिसतो तो फक्त काळा मखमली थर. कुमार आणि आंदो यांनी दाखवलं की झिओलाइट नावाच्या खनिजाच्या भुकटीवर लोखंड-कोबाल्ट चढवून ६५० अंश सेल्सियसला काम केलं तर अनेक भिंतींच्या नळ्या मिळतात आणि ९०० अंशांना एकेरी भिंतीच्या. कापरातला तो एकुलता ऑक्सिजनही कामाला येतो, असं त्यांचं म्हणणं: नळी न बनलेला, वेडावाकडा साठणारा कार्बन तो जागच्या जागी जाळून टाकतो, म्हणून माल स्वच्छ निघतो.

नेमक्या याच सुमाराला आपल्या जुन्या वस्तूंतही नॅनोट्यूब सापडायला लागल्या. २००५ मध्ये आयआयटी कानपूरच्या सब्यसाची सरकार यांच्या गटाने मोहरीच्या तेलाच्या काजळीतून पाण्यात विरघळणाऱ्या नॅनोट्यूब मिळवल्याचं लिहिलं. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या पीटर पाउफलर यांच्या गटाला सतराव्या शतकातल्या, असद उल्लाह या कारागिराच्या नावावर असलेल्या दमास्कस तलवारीच्या तुकड्यात नॅनोट्यूबचे अवशेष दिसले. अशा तलवारींचं पोलाद दक्षिण भारतातून जाई. २०२० मध्ये तमिळनाडूतल्या कीळडीच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवरच्या काळ्या लेपातही त्या आढळल्या. यावरून पूर्वजांना नॅनोतंत्र ठाऊक होतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांना पोलाद ठाऊक होतं, भट्टी ठाऊक होती, हाताचा अंदाज ठाऊक होता, आणि तेवढ्यानेच त्यांचा मान मोठा आहे. नळी दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तिचं काय करायचं हे ठरवायला १९९८ साल उजाडावं लागलं.

त्या साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला सेस डेकर यांच्या गटाने एकेरी नॅनोट्यूबचा ट्रान्झिस्टर बनवला, खोलीच्या तापमानाला चालणारा. ज्या सहा शहरांच्या पेढ्या मिळून डचांची ती ईस्ट इंडिया कंपनी झाली होती त्यांतलं डेल्फ्ट हे एक. वेंगुर्ल्याच्या वखारीचे धनीही तेच. इतिहासात असे धागे आपोआप जुळतात. त्यांतून काही सिद्ध होत नाही, पण ते दिसले की मन भरून येतं.

सिलिकॉन वाकत नाही, तडकतो. आपल्या खिशातल्या फोनचा मेंदू काचेसारख्या ठिसूळ चकतीवर कोरलेला आहे. नॅनोट्यूब मात्र वाकते. तिच्यातले कार्बनचे बंध निसर्गातल्या सर्वांत घट्ट बंधांपैकी आहेत आणि नळीची जाडी एक-दोन नॅनोमीटर. माणसाचा केस तिच्या काही दहा हजारपट जाड असतो. इतकी बारीक वस्तू दुमडली तरी मोडत नाही. पण वाकणं वेगळं आणि ताणणं वेगळं. नळी स्वतः फारशी ताणली जात नाही. मग तिच्यापासून रबरासारखं इलेक्ट्रॉनिक्स कसं करायचं?

उत्तर पाहायचं असेल तर मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर दुपारी जाऊन बसावं. वाळूवर रापणीचं जाळं पसरलेलं असतं आणि दोन-तीन माणसं मांडी घालून फाटलेले आस शिवत असतात. एक जण जाळ्याची कड ओढतो, तसे चौकोनी आस लांबट होतात, कड वीतभर पुढे येते. सूत तसूभरही ताणलेलं नसतं. ताणलं जातं ते जाळं. सोडलं की आस पुन्हा मूळ जागी. मधले चार-दोन धागे तुटलेले असले तरी जाळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंडच राहतं, कारण वाट एक नसते, शेकडो असतात.

नॅनोट्यूबचंही तेच करतात. द्रावणात मिसळून रबरावर फवारायच्या, म्हणजे त्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडून जाळं होतं. वीज एका नळीवरून दुसरीवर उडी घेत टोकापर्यंत जाते. २००८ मध्ये इलिनॉयमध्ये जॉन रॉजर्स यांच्या गटाने प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर अशा जाळ्याचे जवळजवळ १०० ट्रान्झिस्टर असलेलं सर्किट केलं. त्याच वर्षी टोकियोच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने नॅनोट्यूब रबरात घोळून वीजवाहक रबर तयार केलं आणि त्याच्या तारांनी ट्रान्झिस्टर जोडून अख्खी चौकट रबरासारखी ताणून दाखवली. २०११ मध्ये स्टॅनफर्डला झेनान बाओ यांच्या गटाने पारदर्शक रबरावर नळ्या फवारल्या आणि ते एकदा ताणून सोडलं. पहिल्या ताणाला नळ्या एका दिशेने ओळीत आल्या, सोडल्यावर त्यांना लाटांसारख्या चुण्या पडल्या, आणि नंतरच्या प्रत्येक ताणाला त्या स्प्रिंगसारख्या उलगडू लागल्या. अशा दोन थरांमध्ये दाब पडला की विद्युतधारिता बदलते. म्हणजे हे रबर स्पर्श ओळखतं. कृत्रिम त्वचा म्हणतात ती हीच. आणखी एक गट त्सुकुबाचा. त्यांनी गुडघ्यावर, घशावर चिकटवायची पट्टी केली; चालणं, बोलणं, श्वास घेणं यांतला प्रत्येक ताण ती विजेच्या भाषेत सांगते.

नागोयाही यात मागे नव्हतं. २०११ मध्ये नागोया विद्यापीठाच्या युताका ओहनो यांच्या गटाने वाकणाऱ्या प्लास्टिकवर नॅनोट्यूबची वेगवान सर्किटं केली. मात्र त्या नळ्या फिनलँडच्या गटाच्या रीतीने बनवलेल्या होत्या, कापराच्या नव्हत्या. हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. ट्रान्झिस्टरला अर्धवाहक, एकेरी भिंतीच्या निवडक नळ्या लागतात. भट्टीतून निघणाऱ्या एकेरी नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वागतात आणि त्या वेगळ्या काढणं हेच या शास्त्राचं आजवरचं सर्वांत किचकट काम आहे. २०१३ मध्ये स्टॅनफर्डला १७८ ट्रान्झिस्टरांचा पहिला नॅनोट्यूब संगणक झाला, त्याच्या लेखकांत निशांत पाटील हे नाव वाचून मी क्षणभर थांबलो होतो. त्यांच्या कामाचा गाभाच चुकीच्या नळ्यांना निकामी करण्याचा होता. कापराच्या जाडजूड, अनेक भिंतींच्या नळ्यांचं क्षेत्र वेगळं: वीजवाहक थर, बॅटरीचे आणि धारित्रांचे अग्र, मिश्र रबर, संवेदक. इमारतीत तुळया-खांब लागतात तसा चुनाही लागतोच.

धाग्याचीही एक रीत आहे, आणि ती आमच्या किनाऱ्याला जास्त ओळखीची. काथ्याचा एक तंतू वीतभर, पण पीळ घालत गेलं की त्याच तंतूंचं हवं तेवढं लांब सुंभ होतं. २००२ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात शौशान फान यांच्या गटाला उभ्या वाढवलेल्या नॅनोट्यूबच्या थराचं टोक ओढताना एकामागून एक नळ्या गुंतत अखंड सूत निघताना दिसलं. २००४ मध्ये अमेरिकेत रे बॉमन यांच्या गटाने त्या सुताला पीळ दिला आणि ते भक्कम झालं. २०१५ मध्ये त्याच गटाने ताणून धरलेल्या रबरी दोऱ्याभोवती नॅनोट्यूबचे पापुद्रे गुंडाळले आणि दोरा सोडला. पापुद्र्यांना लहानमोठ्या चुण्या पडल्या. मग तो दोरा मूळ लांबीत तिच्या दहापट भर पडेपर्यंत ताणला तरी त्याच्या विद्युतरोधात ५ टक्क्यांचाही फरक पडला नाही.

कापराची ही वाट शेरॉन यांनी पवईतून निवृत्त झाल्यावरही सोडली नाही. पत्नी माधुरी शेरॉन या वनस्पतींच्या अभ्यासक. दोघांनी अंबरनाथच्या एका महाविद्यालयात नॅनोतंत्राचं संशोधन केंद्र उभं केलं, आणि कापरावरून ते बियांकडे आणि तंतूंकडे वळले. विचार सरळ होता. वनस्पतीने पाणी वाहायला जी सूक्ष्म नळ्यांची रचना वर्षानुवर्षं बांधलेली असते, ती ऑक्सिजनविना भाजली तर हायड्रोजन, ऑक्सिजन निघून जातील आणि रचना कार्बनच्या रूपात तशीच राहील. मराठीत याला सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात. आपण ही म्हण हट्टी माणसासाठी वापरतो. तिथे ती भट्टीचा नियम म्हणून खरी ठरली.

२००७ मध्ये त्यांच्या गटाचा जपानी सहकाऱ्यांसह एक निबंध निघाला: लिथियम बॅटरीच्या अग्रासाठी नैसर्गिक कार्बन. कुठलाही उत्प्रेरक न घालता नुसतं भाजून काय काय वापरलं त्याची यादी त्यात आहे. रिठ्याच्या बिया, फणसाच्या आठळ्या, खजुराच्या बिया, निंबोळ्या, चहाची पानं, बांबू आणि नारळाचा काथ्या. खजूर सोडला तर यातलं बहुतेक सगळं आमच्या घराच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर मिळतं. काथ्या तर खाडीच्या पाण्यात कुजत पडलेला असतो.

आठळ्यांचं मला विशेष वाटलं. वैशाखात फणस फोडला की रात्री निजण्याआधी आजी मूठभर आठळ्या चुलीतल्या विस्तवात पुरायची. सकाळी राख उकरून आम्ही त्या वेचायचो, साल टिचकीने उडवून मिठासोबत खायचो. एखादी कोपऱ्यात, निखाऱ्याच्या अगदी पोटात राहून जायची. ती हाती लागे तेव्हा काळीठिक्कर झालेली असे, हलकी, चकचकीत, खाण्याच्या कामाची नव्हे. पण आकार पुरा आठळीचा, वरच्या सालीची बारीक शीरही जागच्या जागी.